खांद्याचे हाड

शनिवार, ६ सप्टेंबर २०१४. सकाळचे पावणेसात. ऑर्विल क्विस्टच्या भात्यात सहा बाण होते. प्रत्येकाचे वजन बेचाळीस ग्रॅम.

चाळीस वर्षे बंदुकीने एल्क ही मोठी हरणे मारणारा ऑर्विल त्रेसष्टाव्या वर्षी प्रथमच धनुष्य घेऊन अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात आला होता. कारण एकच: त्याचा मेहुणा डेल. मागच्या मोसमात डेलने आपल्या भाचीला, ऑर्विलच्या लेकीला ब्रिटाला, स्वतःचे सव्वीस ग्रॅमचे बाण दिले होते. "हलका बाण वाऱ्यासारखा जातो, पोरी." गेलाही, पण नराच्या खांद्याच्या हाडावर अडला आणि जनावर जखमेसह नाहीसे झाले. शिकाऱ्यांच्या तळाचा नियम जुना होता: रक्त काढले की जनावर मिळो न मिळो, आपल्या हाताने परवाना कापायचा आणि शिकार थांबवायची. ब्रिटाने सर्वांसमोर तो कापला. डेलने बाणाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट, पोरीच्या मनगटात दम नाही, असे गावभर सांगत हिंडला. त्यानंतर ब्रिटाने धनुष्याला हात लावला नाही. तसाच परवाना डेलला कापायला लावायचा, एवढेच ऑर्विलला हवे होते.

यंत्रशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाने सुडाचीही तयारी मोजूनमापून केली. हिवाळाभर त्याने खाटकाकडून एल्कच्या खांद्याची हाडे आणून फळीला ठोकली आणि त्यांवर बाण सोडले. डेलच्या पसंतीचा, आघाताने पाती उघडणारा हलका बाण दर वेळी हाडात अडकला. जाड दांडीचा, टोकाला पोलादी वजन आणि अखंड दुधारी पाते असलेला जड बाण हाड फोडून पार गेला. मात्र तो लवकर खाली येई. म्हणून तीस यार्डांपलीकडे सोडायचा नाही, हे त्याने ठरवून टाकले.

"दाजी, हे बाण आहेत की कुंपणाचे खांब?" झुडपामागे डेल कुजबुजला.

"खांबच. रोवले की हलत नाहीत."

"आधी पोचू तर देत."

डेलने मादीच्या आवाजाची शीळ फुंकली. थोड्या वेळाने शिंगे झाडीत खडखडली आणि नर बेचाळीस यार्डांवर येऊन थांबला. तिरका, खांदा पुढे करून.

ऑर्विलने धनुष्य खाली घेतले. "माझ्या टप्प्याबाहेर आहे. तू घे."

'जरा वळू दे त्याला,' एवढे म्हणणे पुरे होते. ते शब्द ऑर्विलच्या जिभेवर आले आणि त्याने गिळले.

"बघून ठेवा, दाजी. घरी गेल्यावर पोरीला सांगा," डेल म्हणाला आणि त्याने बाण सोडला.

फळीवर शंभरदा ऐकलेला आवाज आला. अर्धा बाण बाहेर मिरवत नर उतारावरून धावत सुटला. दिवसभर दोघांनी माग काढला. रक्ताचे तीन थेंब सापडले. पुढे नुसता खडक.

संध्याकाळी तळावर सगळे जेवायला बसले होते. डेल हसत म्हणाला, "खरचटलंय नुसतं. एवढं कोण धरतं?"

ऑर्विलने आपला चाकू त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "ब्रिटाचं धरलं होतं."

"दाजी, मी घरचा माणूस आहे."

"तीही घरचीच होती. काप."

कोणी मध्ये पडले नाही. डेलने परवाना कापला. ऑर्विलने तो उचलून दिव्याजवळ नीट तपासला, परत दिला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.

पुढचे आठ दिवस तो एकटाच त्या उतारावर जखमी नराला शोधत फिरला. दुसऱ्या कुठल्याही जनावरावर त्याने बाण लावला नाही.

दोघांचा त्या मोसमाचा हिशेब: कापलेले परवाने एक, हाती आलेले एल्क शून्य.