डाव्या बरगडीखाली

आफ्रिकेतला किलिमांजारो हा झोपलेला ज्वालामुखी आहे, मेलेला नव्हे. हे मी धाकट्या भावाला, प्रफुलला, निघण्यापूर्वी सांगितले होते; त्याचा निर्णय बदलला नाही. तो माजरीकडे कोळसा खाणीत डंपर चालवतो. बारा वर्षे रोज खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला एकदा तरी वर जावेसे वाटणे समजण्यासारखे होते. किती वर, याबद्दल आमचे मतभेद होते. सरावासाठी तो पाठीवर तांदळाचे पोते घेऊन एका बंद खाणीच्या मातीच्या ढिगावर चढत असे. ढिगाची उंची आणि शिखराची उंची यांचे गुणोत्तर मी त्याला काढून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून त्याने मोठे पोते घेतले.

खरी अडचण उंचीची नव्हती, रक्ताची होती. आम्ही मूळ सावली गावचे. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे आणि तपासणीनंतर ज्याचे त्याला कार्ड मिळते: वाहकाला पिवळे, रुग्णाला लाल. मधला भाऊ आयुष लाल कार्डाचा होता. तो एकोणिसाव्या वर्षी गेला. प्रफुल आणि मी पिवळ्या कार्डाचे. वाहकाला सहसा काही होत नाही. मी चंद्रपुरात रक्ततपासणीच करते आणि हे वाक्य जवळजवळ रोज कुणाला तरी सांगते. मात्र फार उंचावर, विरळ हवेत, क्वचित एखाद्या वाहकाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली दुखू लागते. अशा वेळी पहिला उपाय खाली उतरणे हाच असतो.

म्हणून मी सोबत गेले. अट अशी ठरली की, डावीकडे दुखले तर चर्चा न करता परत फिरायचे. प्रफुल ‘हो बाई’ म्हणाला; आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

पहिल्या दिवशी जंगल लागले. त्यात वाघ नाही, अशी प्रफुलने खात्री करून घेतली आणि त्याचा जंगलातला रस थोडा कमी झाला. आमचा वाटाड्या एलिया तिसऱ्या दिवशी त्याला आपण होऊन ‘जय भीम’ म्हणू लागला. रोज संध्याकाळी मी प्रफुलची डावी बरगडी दाबून पाहत असे. एलियाला हा आमच्याकडचा विधी वाटला आणि प्रफुलने त्याची समजूत दूर केली नाही. माझी बरगडी तपासण्याचे कलम अटीत नव्हते.

शिखराखालच्या शेवटच्या दगडी निवाऱ्यात आम्ही दुपारी पोहोचलो. शिखर तिथून एका रात्रीच्या चालीवर होते. सूप पिताना मला डाव्या बाजूला दुखू लागले. मी शक्यता तपासल्या: सुपातला घेवडा, पिशवीचा पट्टा, थंडीने आखडलेला स्नायू. तिन्ही पटण्यासारख्या होत्या. चौथी मी यादीत शेवटी ठेवली.

“बाई, अशी वाकून काऊन बसली?”

मी म्हणाले, गॅस आहे.

प्रफुलने चमचा खाली ठेवला. “आयुषभी गॅसच म्हणे.”

आयुषचा आजार आणि माझी अवस्था यांतला फरक मी त्याला समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि मला खोल श्वास घ्यायला सांगितले. श्वास अर्ध्यावर थांबला. उंचावर असे होते, असे मी म्हणाले. त्याने एलियाला बोलावले.

मग मी एक सरळ तोडगा सुचवला. एलियाच्या मदतनिसाने मला खाली न्यावे आणि प्रफुलने एलियाबरोबर शिखर गाठावे.

“नाई. तू त्या पोट्ट्याले इंग्रजीत पटवून देशील का काई नाई झालं, अन् वाटेतच बसून राहशील. मले इंग्रजी येत नाई, मले नाई पटवता येत तुले.”

माझ्याविषयीचे हे निदान अचूक होते. प्रफुल दारात जाऊन शिखराकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. परत येऊन त्याने माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

काही अंतर मी चालले. पुढे एकचाकी स्ट्रेचरवरून उतरले. एक दांडा प्रफुलने धरला होता. गाडीचे शॉकअप गेले आहेत, एवढेच तो वाटेत बोलला.

जसजसे उतरलो तसतसे दुखणे कमी झाले, आणि माझी खरी पंचाईत सुरू झाली. गॅससुद्धा उतरताना कमी होतो. एवढी रजा त्याला पुन्हा मिळणार नव्हती. तो घेवड्याच्या सुपासाठी परतला असेल, तर ते त्याला सांगणे मला भाग होते, कारण अहवाल मी कुणापासून लपवत नाही.

पायथ्याच्या गावात सोनोग्राफी झाली. प्रफुल दाराशी उभा होता. टेबलावर पडल्या पडल्या मी माझी प्लीहा बिघडलेली निघावी अशी इच्छा करत होते. इच्छेचा ध्वनिलहरींवर परिणाम होत नाही, हे मला ठाऊक होते. तरी केली.

डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. प्लीहेत पाचरीसारखा एक काळा डाग होता, ताजा. त्यांना वाईट वाटत होते. बहुधा भरून येईल, म्हणाल्या. मी आणखी वर गेले असते तर काय झाले असते, ते मात्र त्यांना सांगता येईना. मी आभार मानले, बहुधा जरा जास्तच आनंदाने.

“गॅस होता का?” प्रफुलने दारातूनच विचारले.

नाही, मी म्हणाले, प्लीहेचा एक तुकडा मेला आहे.

“मंग बरं झालं,” तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

हे काय म्हणाले, असे डॉक्टरबाईंनी मला विचारले. मी शब्दशः भाषांतर केले. त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिले.