‘गडगडाट’ने आवाज कमी केला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी माझा भाता हलवायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाऊ लागते. मला वीज लागत नाही. तरीही एका रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांत तुम्हाला जो संथ श्वास ऐकू येतो, तो माझाच आहे. ‘गाजलेली’ हा शब्द मात्र त्या गाण्यांना फार उशिरा चिकटला. आधी त्यांच्या वाट्याला आली ती हुर्योच.

एका सुताराने मला सागवानात घडवले आणि एका कारागिराने माझ्या पोटात पितळेच्या पातळ जिभा बसवल्या. माझी पहिली नोकरी शाळेत होती. संगीताच्या बाई मला वाजवत आणि मुले माझ्या सुरात सूर मिसळत. पुढे शाळेत विजेचा कीबोर्ड आला आणि मी अडगळ झाले. बाईंना मला भंगारात द्यायचा धीर होईना. त्यांनी मला घरी नेऊन गॅरेजमध्ये ठेवले. तिथे माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आणि सायकलचा पंप विराजमान झाले.

त्याच गॅरेजात बाईंच्या भाचीने बँड काढला. ती गायची. लंबू नावाचा तिचा उंचच उंच मित्र गिटार वाजवायचा आणि धडाम नावाचा दुसरा मित्र ड्रम बडवायचा. बँडचे नाव ‘गडगडाट’. नावाप्रमाणेच कामगिरी! ते सुरू झाले, की माझ्या पितळी जिभा आपोआप थरथरत आणि शेजारी खिडक्या लावून घेत. पण लोकांना ते आवडले. मोठमोठी सभागृहे भरू लागली.

एके दिवशी बाईंनी धडामला चहासाठी तीनदा हाक मारली. तो पाठमोरा बसला होता, हललाच नाही. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो दचकला. मग त्याने कबूल केले, की कित्येक महिने त्याच्या कानांत सतत शिट्टी वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितले, “एवढ्या आवाजात वाजवत राहिलात, तर आहे तेही ऐकू येणार नाही.”

“तुम्ही दुसरा ड्रमर बघा,” धडाम म्हणाला. त्याने गॅरेजभर नजर फिरवली, पण ड्रमकडे बघायचे टाळले.

“ड्रमर मिळेल रे,” भाची म्हणाली. “पण दुसरा तू कुठून आणू? त्यापेक्षा आपणच हळू वाजवू.”

“हळू? आपण?” लंबू ओरडला. “लोक जोडे मारतील!”

“मारू देत. उचलून घालायला तरी होतील.”

धडामला हसू आवरेना. भाचीने माझ्यावरचे डबे खाली काढले, फडक्याने धूळ झटकली आणि पाय भात्यावर ठेवले. इतक्या वर्षांनी छातीत हवा भरली! पहिला सूर फाटका निघाला, दुसरा बरा, तिसरा मात्र गॅरेजभर पसरला. धडाम माझ्याजवळ आला आणि माझ्या लाकडी अंगावर बोटांनी ठेका धरू लागला. लंबूने गिटारची वायर काढून टाकली. पूर्वी ज्या गाण्यांचे शब्द गोंगाटात बुडत, ते शब्द आता ऐकू येऊ लागले. भाचीला तर स्वतःचाच आवाज नवा वाटला.

मग त्यांनी अशीच हळू वाजवायची नवी गाणी बांधली. त्यांचा पहिला कार्यक्रम मात्र सपशेल आपटला. “आवाज वाढवा!” “झोपवायला बोलावलंत का?” अशी ओरड झाली. निम्मे सभागृह उठून गेले. एका समीक्षकाने लिहिले, ‘गर्जेल तो पडेल काय, असे म्हणतात. हा गडगडाट तर गर्जायलाही विसरला.’ त्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, तीही कुणी घेईना.

“माझ्यापायी तुमचं वाटोळं झालं,” धडाम म्हणाला.

“लोकांना आवडलं नाही, हे खरं,” भाचीने उत्तर दिले. “पण गाणी वाईट होती का? खरं सांग.”

त्याने त्यातल्या एका गाण्याचा ठेका बोटांनी मांडीवर धरला. मग म्हणाला, “नाही. आपण केलेली सगळ्यांत चांगली गाणी आहेत ती.”

“झालं तर मग!”

ते थांबले नाहीत. दिवसा नोकऱ्या केल्या, सुट्टीत वाचनालयांत आणि इस्पितळांच्या व्हरांड्यांत वाजवले. वर्षे सरली. माझा भाता फाटला. तरी बाईंनी मला टाकले नाही.

मग रेडिओवरच्या एका निवेदिकेने त्या रेकॉर्डमधले एक गाणे सकाळी लावले. त्या पडलेल्या कार्यक्रमातून उठून गेलेल्यांपैकी ती एक होती. आता तिची आई आजारी होती आणि तिच्या उशाशी बसून ऐकताना तिला ती गाणी प्रथमच कळली होती. गाणे संपताच फोन खणखणू लागले. कोण हे? यांची अजून गाणी आहेत का? तिने आठवडाभर तीच रेकॉर्ड वाजवली आणि त्या समीक्षकालाही बोलावले. तो म्हणाला, “मला वाटलं होतं, यांनी रॉक सोडलं. चूक माझी. लोकांना रुचेल ते न वाजवता आपल्याला पटेल ते वाजवायचं, याहून मोठी बंडखोरी कोणती? पाऊस पडत होता आणि मी गर्जनेची वाट बघत बसलो.”

माझा भाता नवा झाला. नदीकाठच्या खुल्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. भाचीने माझा पहिला सूर लावला. हजारो माणसे इतकी शांत झाली, की काठ्यांऐवजी ड्रमवर फिरणाऱ्या धडामच्या ब्रशची सरसर शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचली. दुसऱ्या कडव्याला लोक गाऊ लागले, ओरडून नव्हे, हळूच, एका सुरात. धडामचे केस पिकले होते. त्याने ठेका न सोडता मान वर केली.

“ऐकू येतंय!” तो भाचीला म्हणाला. “अगं, सगळं ऐकू येतंय मला!”

पहिल्या रांगेत बाई ताठ बसल्या होत्या आणि खुशाल रडत होत्या.

मित्रांनो, कुणी सूर बदलला, तर लगेच पाठ फिरवू नका. जरा थांबा, कान द्या. त्या बदलामागे कुणीतरी कुणाला जपत असेल. आणि हो, तुमचे स्वतःचे कानही सांभाळा. भाता नवा मिळतो हो, कान मिळत नाहीत.