तळाला दगड

एकोणीसशे तेहेतीस साली एका नव्या कंपनीने मुंबईला जाणारं छोटं विमान दिवेआगरच्या पुळणीवर उतरवलं, तेव्हा पहिली जागा करमअली तांडेलाने पटकावली. जन्मभर गलबत हाकलेल्या माणसाला हवेची कसली आलीय भीती? सोबत त्याचेच तीन खलाशी होते.

खाडीवर वळताना विमान डावीकडे कललं. करमअलीतला तांडेल जागा झाला.

"सगळे उजवीकडं सरका," तो गरजला.

खलाशी सवयीने उठले आणि उजव्या अंगाला जाऊन चिकटले. विमान भेलकांडलं. वैमानिकाने ते कसंबसं सावरलं.

जुहूला उतरल्यावर घामाघूम वैमानिक तोंड उघडणार, तोच करमअलीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"होडी झकास हाय तुमची. फक्त तळाला दगड भरत जा. दर खेपेला आम्ही थोडेच असणार सावरायला?"