नाव घातलेली घागर

नाव घातलेलं भांडं आमच्या दुकानात खपत नाही. दुसऱ्याच्या लग्नातला डबा आपल्या फडताळात कोण ठेवील? म्हणून असली भांडी मी सरसकट पॉलिशवाल्याकडे पाठवते आणि नावं घासून काढायला लावते. दोन वर्षांत किती बायकांची नावं मी घालवली असतील, देव जाणे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

दुकान राजारामपुरीत आहे. लोक साड्या, मिक्सर, पाळणे, पितळी डबे आणून देतात. आम्ही ते धुऊनपुसून विकतो आणि मिळणारे पैसे आफ्रिकेतल्या मलावी देशात खेड्यांना पाणी काढून द्यायला जातात. माझा भाचा आदर्श तिथे बोअर मारणाऱ्या संस्थेत इंजिनिअर आहे, त्याच्या नादाने मी यात पडले. "आपल्याकडं काय कमी हाय व्हय, चालली आफ्रिकेला!" हे मी रोज ऐकते. माझं उत्तरही ठरलेलं. "तुम्ही आपल्याकडचं सुरू करा, पहिलं गिऱ्हाईक मी!" मग पावणं गुमान साड्या बघायला लागतात.

त्या दिवशी दुपारी एक म्हातारी आत आली ती थेट भांड्यांच्या मांडणीपुढे जाऊन उभी राहिली. मागे तिची सून होती, मान खाली घालून.

"माझी घागर कुठं हाय?" म्हातारी म्हणाली.

सुनेनं, स्नेहलनं, चाचरत सगळं सांगितलं. मुरगूडचं घर बंद करून सासूला इथे फ्लॅटवर आणलं होतं. सासू चार दिवस पेठ वडगावला लेकीकडे गेली तेव्हा हिने अडगळ म्हणून चार पोती आमच्याकडे पोचवली. त्यात ती तांब्याची घागर होती.

"नाव घातल्यालं हाय तिच्यावर," म्हातारी मला म्हणाली. "तानाबाई हिस बंधू आकाराम याजकडून. माझ्या भावानं पैल्या पगारात घेतलीया. त्यो न्हाय आता."

घागर माझ्या मागेच होती, लखलखीत, नाव घासून काढलेली. राजवर्धन नावाच्या एका हॉटेलवाल्याने ती हॉटेलच्या दारात फुलं ठेवण्यासाठी राखून ठेवायला सांगितली होती. वर बजावलं होतं, "नावबिव नको हं, मॅडम." अशी घागर आमच्याकडे आलीच नाही, असं म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं माझ्या.

तेवढ्यात म्हातारीला घागर दिसली. काउंटरला वळसा घालून ती आत आली, घागरीच्या गळ्यावरून हात फिरवला आणि एका पोच्याशी थांबली.

"हीच. ह्यो पोचा झऱ्यावरच्या दगडाचा." मग तिचा अंगठा वर सरकला. एकदा घासून बघितलं, पुन्हा बघितलं. "नाव कुठं गेलं?"

"मी काढलं," मी म्हणाले. "चुकलं माझं, मावशी." मी उभ्या जन्मात फारशी कुणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळे ती मागणंही मला नीट जमलं नसावं.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती त्या गुळगुळीत जागेकडे बघत राहिली. मी म्हणाले, "घेऊन जा. तुमचीच आहे." स्नेहलनं घागर उचललीसुद्धा. पण म्हातारी हलेना. तिची नजर माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या मलावीतल्या फोटोवर गेली होती. डोक्यावर प्लास्टिकची बादली घेतलेली एक बाई लाल मातीच्या वाटेवरून येत होती.

"हिच्याबी डोक्यावर चुंबळ हाय की," तानाबाई म्हणाली.

दोन वर्षं तो फोटो माझ्या दुकानात होता. बादलीखालचं ते कापडाचं वेटोळं मी कधी बघितलंच नव्हतं.

"कुठवर जाती पाण्याला?"

"दोन तास जायला, दोन यायला. हिच्या गावाचा बोअर अजून व्हायचाय. त्यासाठीच तर विकतोय हे सगळं."

"आमचंबी तसंच. उन्हाळ्यात खाली वड्यात झरा खणायचा आन् वाटीवाटीनं ही घागर भरायची. आकारामला ठावं हुतं, म्हणून तर घागर दिली त्यानं. सोनं न्हाय दिलं." ती थांबली. "हिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. मी स्टुलावर चढून फोटो खाली घेतला. मागे आदर्शच्या अक्षरात लिहिलं होतं, एस्नात.

"येसनात," तानाबाईनं म्हणून बघितलं. मग सुनेच्या हातातून घागर घेतली आणि विचारलं, "नळ कुठं हाय?"

मागच्या मोरीत तिने घागर काठोकाठ भरली. गठ्ठ्यातलं एक जुनं सुती लुगडं ओढून त्याची चुंबळ वळली. "आत्या, वय काय तुमचं!" म्हणून स्नेहल ओरडली, मी पुढे धावले, पण तोवर गुडघ्यावरून खांद्याशी आणि खांद्यावरून डोक्यावर घागर गेलीसुद्धा. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. दोन्ही हात तिने खाली सोडले आणि ती चालायला लागली.

मांडण्यांमधून, हँगरमधून, शिवणयंत्राला वळसा घालून ती दारापर्यंत गेली. साड्या उलगडणाऱ्या बायका उलगडायच्या थांबल्या. मी आयुष्यात मोठमोठ्या मिरवणुका बघितल्यात, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. एवढी ताठ मान, एवढं सावकाश पाऊल. फरशीवर एक थेंब सांडला नाही. हे ती चाळीस वर्षं रोज करत होती आणि तिला कुणी कधी बघायला थांबलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

दारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी तिने पाणी ओतलं. तळाशी ओंजळभर ठेवलं आणि घागर माझ्यापुढे धरली.

"घे. रिकामं भांडं कुणाला द्यायचं नसतंय."

"मावशी, ही तुमच्या भावाची..."

"व्हय. पाण्यासाठीच दिल्याली. ईक आता. पण नाव घाल तिच्यावर. येसनात हिस तानाबाईकडून."

"नाव घातलेलं कोण घेणार?"

"तुझं तू बघ की. पुसलंयस तूच."

ती गेली. रस्ता ओलांडेपर्यंत तिची मान तशीच ताठ होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभी राहून नाव घालून घेतलं. राजवर्धन आला, वाचून त्याच्या कपाळाला आठी पडली. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. "फुलं नकोत," म्हणाला. "पाणीच भरून ठेवतो दारात. नाव रस्त्याकडं करून." त्या दिवसापासून पॉलिशवाल्याकडे मी एकही नाव पाठवलेलं नाही. भांडी जरा उशिरा खपतात, पण खपतात.

चार महिन्यांनी आदर्शचा निरोप आला, एस्नातच्या गावात पाणी लागलं. मी लगेच तानाबाईला फोन केला. वाटलं, रडेल, आशीर्वाद देईल.

"गोड हाय का?" तिने विचारलं.

किती फूट, किती घरं, किती लिटर, सगळं मी आजवर विचारलं होतं. हे कधी विचारलं नव्हतं. मी आदर्शला लिहिलं, पाणी गोड आहे का ते एस्नातलाच विचार.

संध्याकाळी उत्तर आलं. "गोड आहे म्हणते. आणि विचारते, हे विचारणारी कोण?"

मी लिहिलं, "तानाबाई. मुरगूडची. आकारामची बहीण."