खांद शेकलेलं हँडल

मी एक जुनं हँडल आहे. मोटारसायकलचं. माझी बाकीची गाडी तांबडीलाल होऊन पिपरी मेघेत मिरवते, आणि मी इथं सिंदी रेल्वे नावाच्या गावी, गोठ्यात, खुंटीला टांगलेलं आहे. मित्रांनो, हळहळू नका. हळहळणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. ती लगेच फडकं आणि पॉलिश घेऊन येतात.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत विलायतेत झाला. आमची सगळी गाडी मातकट हिरवी होती, मीसुद्धा. चमकायची आम्हाला बंदीच होती, कारण चमकणारी गाडी शत्रूला लांबून दिसते. लढाई संपली, फौजेनं आम्हाला लिलावात काढलं आणि चार हात फिरून आम्ही सिंदीच्या रूपरावांकडे आलो. रूपराव शेतकरी. सरकीची पोती, वखराची लोखंडी पास, एकदा तर अडलेली बाळंतीण, काय काय वाहिलं म्हणून सांगू! एकदा नाल्याच्या उतारावर गाडी घसरली आणि माझी डावी बाजू वाकली. रूपरावांनी ती सरळ केली नाही. त्या वाकात त्यांचा हात फार सुखानं बसायचा.

मग एका वर्षी, ऐन पोळ्याच्या तोंडावर, त्यांच्या जोडीतला एक बैल साप चावून मेला. पोळ्याच्या तोरणाखाली तर जोडी उभी करतात, एकटा बैल कसा न्यायचा? रूपरावांनी उरलेल्या बैलाशेजारी आमची गाडी ढकलत नेऊन उभी केली. गाव पोट धरून हसलं. हसू देत! आदल्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईंनी, बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकला, तसं मलाही शेकलं होतं. "गाडीले खांदा नाई, मंग हेच तिचा खांदा," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." शिंगं रंगवून उरलेला लाल रंग माझ्या दोन्ही टोकांना लावला. पुढं नवा बैल आला, तरी माझा मान गेला नाही. दर पोळ्याला रंगावर रंग चढत गेला.

वयाच्या ऐंशीनंतर रूपरावांची नजर गेली. गाडी बंद पडून गोठ्यात उभी राहिली. तेव्हा पिपरी मेघेत राहणारा त्यांचा पुतण्या आला, प्रभाकरराव. जुन्या गाड्या नव्या करायचा त्याला भारी सोस. "काकाजी, पोळ्याच्या आधी चालू करून देतो. एकदम ओरिजिनल!" म्हणाला.

ओरिजिनल! या शब्दाचा मला आजही संताप येतो. मेल्यानं टाकीचा हिरवा रंग उतरवून तांबडा फासला, त्या टाकीनं जन्मात कधी पाहिला नाही असा. जिथं तिथं चमचमणारा मुलामा चढवला. माझं उजवं टोक पत्र्यानं खरवडलं, इतक्या वर्षांचे पोळे एका दुपारी भुईवर सांडले. मग माझी वाकडी बाजू दिसली. "हे काही कामाचं नाही," म्हणत त्यानं मला पोत्यात कोंबलं आणि सरळ, नवंकोरं हँडल बसवलं. ना त्याला लढाई ठाऊक, ना नाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो गाडी घेऊन सिंदीला आला. पोतं मागं बांधलेलं होतं, जाताना भंगारवाल्याला द्यायला. मी आतून सगळं ऐकत होतं.

रूपरावांनी चाचपडत हात पुढं केले. नव्या हँडलावर ते फिरवून पाहिले.

"बापू, हे कोणाची गाडी आणली?"

"तुमचीच, काकाजी. कारखान्यातून निघाली तश्शी केली!"

"मंग माहा हात काऊन बसून नाई राह्यला?"

आनंदाबाई तूप-हळदीची वाटी घेऊन पुढं झाल्या, तसा प्रभाकरराव ओरडला, "काकू, तूप नका लावू हो! चमक जाईल."

आनंदाबाईंनी वाटी खाली ठेवली. गाडीमागचं पोतं सोडलं आणि अंगणात उपडं केलं. नटबोल्टांतून मला उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. डावा हात वाकात बसला. उजवा हात टोकाशी गेला आणि थांबला.

"इकडचा रंग कोणं नेला?" रूपरावांनी विचारलं.

प्रभाकरराव टाकीवरची धूळ पुसू लागला. उत्तर मला ठाऊक होतं, पण हँडलाला कोण विचारतो?

आनंदाबाईंनी मला शेकलं. दुसऱ्या दिवशी रूपराव मला दोन्ही हातांत धरून बैलाशेजारी उभे राहिले. शेजारचे किसनराव हसून म्हणाले, "रूपराव, गाडी तं तिकडे झाडाखाली उभी हाय. तुमी हे काय धरून राह्यले?"

"थे परभाकरची हाय," रूपराव म्हणाले. "माही हे."

प्रभाकरराव ती चमक घेऊन पिपरी मेघेला परत गेला. पुढं रूपराव देवाघरी गेले. आनंदाबाई आहेत. पोळ्याला त्या मला अजून शेकतात, आवतण देतात, पण रंग लावतात तो फक्त उजव्या टोकाला. डावीकडच्या थरांशी बरोबरी व्हायला अजून पुष्कळ पोळे लागतील.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर धूळ पुसा, तेल घाला, चालवा. पण खरवडायच्या आधी विचारा, हे कोणाच्या हातचं आहे. आणि मला हात लावायचाच असेल तर डावीकडं लावा. उजवीकडचा रंग अजून ओला आहे.