ससाण्याचा पहिला गिअर

त्या गावात मेलेल्या माणसाला न्यायला जी गाडी येई, तशी गाडी जिवंतपणी कुणाच्याच नशिबात नव्हती. लांबलचक, काळीशार, बॉनेटच्या टोकावर पंख मिटून बसलेला चांदीच्या रंगाचा ससाणा. कंपनीचं खरं नाव जिभेवर वळत नसे, म्हणून सगळे गाडीलाच ससाणा म्हणत. मंत्री, कारखानदार आणि सिनेमातली माणसं ज्या कंपनीच्या गाड्यांतून फिरतात, त्याच कंपनीची ही फार जुनी गाडी होती. फरक एवढाच, की मागे आसनांऐवजी लांब, गुळगुळीत लाकडी फळी होती आणि दोन्ही बाजूंना मोठ्या काचा.

गाडी बहीणभावाच्या मालकीची होती. वडिलांनी तरुणपणी ती धंदा बंद करणाऱ्या एका शववाहिनीवाल्याकडून घेतली होती, आणि त्यांच्यामागे हे दोघं तेच काम करत. बहिणीला सगळं गाव ताई म्हणे. फोन घेणं, घरच्यांशी बोलणं, फुलं आणणं, स्मशानातली वेळ ठरवणं हे तिच्याकडे. भाऊ धाकटा, आणि पन्नाशी उलटली तरी धाकटाच. तो गाडी चालवी. पण चालवण्यापेक्षा जास्त वेळ तिच्याखाली उताणा पडलेला असे. सुटा भाग कुठे मिळत नसे. मिळाला तर बसत नसे. बसला तर दुसरा काहीतरी निखळे.

"लोकांना खांदा देऊन देऊन नाही," तो म्हणे, "हिला खांदा देऊन माझी पाठ गेली."

त्याला साधी पांढरी व्हॅन हवी होती, एसीवाली, चावी फिरवली की सुरू होणारी. ताई ऐकून घेई आणि दुसरा विषय काढे.

असं चाललेलं असताना एके सकाळी कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. सडपातळ, चाळिशीतला, खिशात पांढरे सुती हातमोजे. कंपनीत इतिहास विभाग असतो आणि आपण त्यात काम करतो, असं त्याने सांगितलं तेव्हा धाकट्याच्या बायकोने आतून डोकावून पाहिलं. कंपनीची शंभरी जवळ आली होती. सुरुवातीच्या काळातली, अजून चालणारी एक गाडी मंचावर आणायची होती. कुणीतरी आजोबांच्या अंत्ययात्रेचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, आणि त्यात रडणाऱ्या माणसांच्या मागे या माणसाला बॉनेट दिसलं होतं.

"फोटोतल्या माणसांनी माफ करावं," तो म्हणाला, "पण मी फक्त बॉनेट बघत राहिलो."

चहा झाला. हातमोजे चढवून तो गॅरेजमध्ये गेला आणि बॉनेट उघडून सांगाड्यावर ठोकलेला आकडा वाचू लागला. वाचता वाचता खाली बसला. एवढी जुनी गाडी कंपनीच्या स्वतःच्या संग्रहालयातही नव्हती.

मग त्याने कंपनीची कहाणी सांगितली. सांगायची त्याला सवय होती. शाळांच्या सहली संग्रहालयात येत, तेव्हा तोच सांगे. कंपनी काढणारा माणूस मूळचा घड्याळं दुरुस्त करणारा. त्या काळच्या मोटारींचा खडखडाट त्याला सहन होईना, म्हणून त्याने आवाज न करणारी मोटार करायला घेतली. पहिली काही वर्षं कुणी विचारलं नाही. मग एका गायिकेने घेतली, मैफिलीला जाताना गाडीत गुणगुणता येतं म्हणून, आणि तिथून नशीब फिरलं. एकदा एक शववाहिनीवाला गाडी मागायला आला, तर मालकाने त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, "ज्याला प्रवास कळत नाही, त्याच्यासाठी मी गाडी करत नाही." हे वाक्य आजही संग्रहालयाच्या भिंतीवर आहे.

"म्हणजे आमच्या गाडीचं हे असं झालेलं त्याला आवडलं नसतं," ताई म्हणाली.

"नसतं," माणूस संकोचून म्हणाला. "कुणा श्रीमंताची गाडी नंतर कापून तिची शववाहिनी केलेली दिसते. आम्ही ती पुन्हा मूळ रूपात आणू."

बदल्यात कंपनी कोरी करकरीत गाडी देणार होती. आजची, ससाणा असलेली. एकच अट होती, तिच्यातून प्रेत न्यायचं नाही.

"मग आम्ही तिचं करू काय?" ताईने विचारलं.

"फिराल."

"कुठे?"

याचं उत्तर धाकट्याजवळ होतं. तो दुसऱ्याच दिवशी ती विकून दोन व्हॅन घेणार होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"जमायचं नाही," ताई म्हणाली. "गावातली माणसं आशेवर आहेत."

"मरणाच्या?" धाकट्याने विचारलं.

"गाडीच्या. माझ्या तोंडावर सांगतात, ताई, मला ससाण्यातूनच ने हं."

"मेलेलं माणूस परत येऊन तक्रार करणार आहे का?"

"वन्सं, पोळ्या गार होतायत," धाकट्याची बायको म्हणाली, कारण आवाज चढायला लागले होते.

त्याच दुपारी बाजारातले छत्र्या दुरुस्त करणारे काका गेल्याचा फोन आला. परीक्षण अर्धवट राहिलेलं, म्हणून कंपनीचा माणूस पुढच्या आसनावर दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला. गाडी घरापासून स्मशानापर्यंत माणसांच्या चालीने निघाली. मागून काकांचे मुलगे, सुना, शेजारी चालत होते. चढ आला तरी गाडीने आचका दिला नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी धाकट्याने वेग आणखी कमी केला, तरी इंजिन गुपचूप चालत राहिलं. रस्त्याच्या कडेला लोक थांबून बघत होते. कंपनीच्या माणसाचं मात्र बाहेर लक्ष नव्हतं. तो धाकट्याच्या पायाकडे बघत होता.

"क्लच दाबून धरत नाही तुम्ही?" त्याने हळूच विचारलं.

"कशाला? पहिल्या गिअरमध्ये अशीच चालते."

"आणि तापत नाही?"

"बाकी शंभर खोड्या आहेत, पण ही नाही."

माणूस पुन्हा क्लचकडे बघू लागला. संग्रहालयातली सगळ्यांत जुनी गाडी, हिच्यापेक्षा थोडी अलीकडची, मिरवणुकीत तोच चालवी. पावलांच्या वेगाने ती कधीच चालत नसे. धक्के देई, रेडिएटर उकळू लागे, आणि दर थोड्या वेळाने बाजूला घेऊन थंड करावी लागे.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने कोट काढून खिळ्याला अडकवला आणि धाकट्यासोबत गाडीखाली शिरला. ताई दारात स्टूल टाकून बसली. दोघांचे फक्त पाय दिसत होते आणि टॉर्चचा उजेड इकडून तिकडे जात होता. बऱ्याच वेळाने माणूस बाहेर आला. मग टपाचं आतलं कापड एका कोपऱ्यात उचलून त्याने पुन्हा टॉर्च मारला.

"ही कापलेली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गाडी कापून लांब केली तर सांगाड्याला जोड दिसतो. इथे जोड नाही. टपाच्या पट्ट्या एकसलग आहेत. मागच्या स्प्रिंगचे पाटे जास्तीचे आहेत, इंजिन थंड ठेवायला पंखे दोन आहेत. आणि गिअर..." तो थांबला. "एवढा हळू चालणारा पहिला गिअर कुणी श्रीमंताला करून देत नाही. तो आमच्याच कारखान्यात केलाय, आमचा शिक्का आहे त्यावर. ही गाडी पहिल्यापासून शववाहिनीच आहे. मालकांनी स्वतः केलेली."

ताईला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते कळेना. माणसाचं तसं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला होता. ज्या वर्षांत कुणी गाड्या विचारत नव्हतं, त्या वर्षांत कारखाना कशावर तगला, हा प्रश्न त्याला पूर्वीही पडला होता. उत्तर समोर उभं होतं.

"इतकी वर्षं मी पोरांना ते वाक्य पाठ करायला लावतोय," तो म्हणाला.

"कुणाला कळणार आहे?" धाकटा हात पुसत म्हणाला. "तुम्ही सांगू नका म्हणजे झालं."

माणसाने अंगणात जाऊन साहेबांना फोन लावला. परत आला तो आणखीच पडलेल्या चेहऱ्याने. साहेब म्हणाले होते, तरीही आणा. मागचं सगळं उतरवून टाकू, गिअरबॉक्स बदलू, जुन्या फोटोंवरून आलिशान बॉडी चढवू. कुणाला कळणार आहे?

"बघा," धाकटा खूश होऊन म्हणाला, "साहेबही माझ्याच डोक्याचे निघाले."

जाताना माणसाने हातमोजे खिशात कोंबले. "माझ्या हातात आहे ते मी करीन," तो ताईला म्हणाला. "गाडीचं तुमचं तुम्ही ठरवा." म्हणजे नेमकं काय करणार, ते त्याने सांगितलं नाही, आणि बहुधा त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. धाकटा रोज मुद्दाम पाठीला शेक घेत पुढच्या खोलीत बसे. शेवटी ताई मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गेलं वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. ससाण्यातूनच ने असं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळा त्यांनीच म्हटलं होतं. ताईने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही शब्द घेतलाय माझ्याकडून. म्हणून विचारायला आले."

मोठ्या बाई उशीला टेकून बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या.

"अगं वेडे, तुझे वडील सकाळी गाडी पुसत असायचे. शाळेत जाताना रोज समोर दिसायचे. अशा धंद्यातल्या माणसाला काय विचारायचं, धंदा कसा चाललाय? म्हणून आपलं काहीतरी बरं बोलायचं. पुढे तू पुसायला लागलीस, तर तुलाही तेच."

"म्हणजे तुम्हाला नकोय?"

"मला व्हॅनमध्ये घाल, नाहीतर हातगाडीवर. भाऊ आधी सांभाळ. तो जिवंत आहे."

ताई घरी आली. तिला राग आला होता, पण नेमका कुणाचा, ते ठरेना. आपण इतकी वर्षं लोकांची गाडी सांभाळतोय असं तिला वाटत होतं, आणि लोक इतकी वर्षं तिचं मन सांभाळत होते. तिने हातपाय धुतले आणि गॅरेजमध्ये जाऊन भावाला म्हणाली, "देऊन टाक."

धाकट्याने पाना खाली ठेवला. "खरं?"

"लाव फोन. माझं मन बदलायच्या आत."

फोन लागला, पण फार उशीर झाला होता. कंपनीच्या माणसाने वरिष्ठांच्या बैठकीत सगळं मांडलं होतं. गिअर, पट्ट्या, शिक्का, फोटोंसकट. खोटी गाडी मंचावर आणू नका, खरी आहे तशी आणा, लोकांना आवडेल, असं त्याने म्हटलं होतं. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ही गाडी कंपनीच्या इतिहासात बसत नाही असं ठरवलं. मंचासाठी थोडी अलीकडची दुसरी मिळाली होती. इतिहास विभागाला त्या माणसाची आता गरज उरली नव्हती. त्याला सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं होतं.

"माझ्यामुळे तुमचा सौदा बुडाला," तो म्हणाला. "माफ करा."

धाकट्याने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "सगळ्या दुनियेत खरं बोलायला याला आपलीच गाडी सापडली!"

ताईला हसू फुटलं. ते दाबायला ती आत निघून गेली, पण धाकट्याने पाहिलंच, आणि तो आठवडाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला.

कामं येतच राहिली. गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग वाजायला लागलं तेव्हा धाकट्याने बरीच धुसफूस करून गोदामात फोन केला. माणसाने नंबर विचारला, थांबा म्हणाला, आणि कुठल्याशा मागच्या फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेलं तेच बेअरिंग शोधून काढलं. ते रीतसर बिल करून पोस्टाने आलं आणि पहिल्या फटक्यात बसलं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. मग दर रविवारी फोन होऊ लागला. सुरुवातीला पार्टपुरता, मग घड्याळवाल्या मालकाबद्दल, मग गायिकेबद्दल. धाकट्याची बायको म्हणे, "माझ्याशी लग्नाआधीही एवढं बोलले नव्हते."

ताईने बचतीतून व्हॅन घेतलीच. पांढरी, एसीवाली. ज्यांना लांब जायचं असे ते व्हॅन घेत, गावातले बहुतेक अजून ससाणा मागत. बरं वाटावं म्हणून की खरोखर, हे ताई आता विचारत नसे.

शंभरीचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला तो रविवार होता. झगझगीत मंचावर एक देखणी निळी गाडी आली, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून भिंतीवरचं वाक्य म्हटलं. धाकटा जेवत होता. त्याने ताट सरकवलं.

"खोटारडा! ताई, ऐकलंस? आपल्या गाडीला नाही म्हणतोय! हिने यांना वाईट दिवसांत जगवलं, आणि हिलाच ओळख नाही!"

"तुला तर ती भंगारात घालायची होती."

"ती माझी गोष्ट. याने नाही म्हणायचं कारण काय?"

तो तसाच उष्ट्या हाताने गॅरेजपर्यंत गेला, मग हात धुवायला परत आला, आणि दुपारभर बॉनेट पुसत राहिला.

पुढच्या आठवड्यात एका निवृत्त बसचालकांना न्यायचं होतं. त्यांचा भाचा पुढे बसला होता. डोळे सुजलेले होते. थोडं अंतर गेल्यावर काहीतरी बोलावं म्हणून त्याने विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?"

धाकट्याने सांगायला सुरुवात केली. घड्याळवाला, खडखडाट, विकल्या न जाणाऱ्या गाड्या. कारखाना कुणाच्या जिवावर तगला ते सांगताना त्याचा आवाज भलताच चढला. ताईने एकदा खाकरून पाहिलं, मग कोपराने ढोसलं, मागे प्रेत आहे याची आठवण म्हणून.

"बोलू द्या ना, ताई," भाचा म्हणाला. "मामांना गाड्यांचं भारी वेड होतं."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघू लागली. मग त्याने आवाज थोडा मोठाच केला, मागे ऐकू जाईल इतका, आणि गायिकेपासून पुढचं सांगायला घेतलं.