गठ्ठ्याच्या पोटातली आग

डिचोलीत मी आग विझवायची औषधं तपासते. पाण्यात घातलं की पाणी काथ्यात, भुशात खोल मुरवतं, असं हे औषध. नुसतं पाणी वरूनच ओघळतं आणि आत निखारे तसेच धुमसत राहतात. माझा धाकटा भाऊ गौरेश आगीच्या बंबावर आहे. गेल्या साली अशाच 'विझलेल्या' ढिगावर चढला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वाचला, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्या दुपारी नव्या औषधाची शेवटची तपासणी होती. काथ्याचा गठ्ठा आतून पेटवला, औषधाच्या पाण्यानं भिजवला, अर्धा तास थांबलो. गठ्ठे फोडायला आणि आग भडकलीच तर विझवायला गौरेश बंब घेऊन आला होता. त्यानं कोयत्यानं गठ्ठा फोडला, तर आत थंडगार. कंपनीचा औषधवाला लगेच पेढ्यांचा पुडा सोडायला लागला. मेल्याला भारी घाई!

"तुम्ही बंबात पाणी कुठलं भरता रे?" मी सहज विचारलं.

"एप्रिलात नळाक पाणी खंय आसता गे ताई? बंद खाणीच्या खड्ड्यातला भरतंव."

त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. हे औषधही साबणाच्याच जातीचं. आणि मी शहाणी, टाकीत साठवलेलं नळाचं पाणी घेऊन तपासत बसले होते!

बंबातल्याच पाण्यात औषध घालून, तसाच आतून पेटवलेला दुसरा गठ्ठा भिजवला. वरचा धूर थांबला. अर्ध्या तासात मी तीसदा घड्याळ बघितलं. गौरेशनं गठ्ठा फोडला. आत मुठीएवढा लाल निखारा.

औषधवाला काहीतरी पुटपुटला. गौरेश मात्र पांढराफटक पडला.

"ताई, परवा तू दिल्लो औषधाचो कॅन... सकाळी काथ्याच्या गोदामातल्या आगीर आमी तोच वापरलो. ह्याच पाण्यात. आमच्या बंबावरच्या निलेशाक थंय राखणेक ठेवलो हा."

मी लगेच निलेशला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. मग निलेशनं उचलला, तोंडात घास.

"काळजी नाय ताई, आग पुरी विझली. ढिगारच बसान जेवतंय. बूड तेवढा बरा शेकता."

"उतर!" मी किंचाळले. "निलेश, आधी खाली उतर!"

पलीकडे डबा आपटला. मग नुसती धाप. मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"उतरलंय," तो कसाबसा म्हणाला. "ताई... मी बसलेलंय थंयसून जाळ येता."